अब्बांच्या चेतकचं बोअर

मिस्त्रीने ब्लॉक फडक्याने पुसला, उलटा करून माझ्या हातात दिला आणि म्हणाला, "मास्टर, अब इसको बोअर नको बोलो. आखरी साइज हो गया."

बेगम पेठेतल्या त्याच्या दुकानासमोर अब्बांची १९८८ची चेतक एका बाजूला झुकून उभी होती. मागचं चाक आणि डिकी काढलेली. मी ब्लॉकमध्ये बोट फिरवलं. एक्झॉस्टच्या खिडकीजवळ उभे ओरखडे बोटाला लागत होते.

ज्यांनी टू-स्ट्रोक स्कूटर वापरली नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. चेतकचं बोअर, म्हणजे ब्लॉकच्या आतल्या नळीचा व्यास, कंपनीतून ५७ मिलिमीटर येतो. पिस्टनची वरखाली चालही ५७च. त्यावरून १४५.४५ सीसी. नळी झिजली की लेथवाला ती थोडी कापून मोठी करतो आणि त्या मापाचा ओव्हरसाइज पिस्टन बसतो. पाव मिलिमीटर, मग अर्धा, मग पाऊण, मग एक. आमच्या गाडीचे चारही टप्पे संपले होते. मुलाने वर्नियर लावला तर ५८ भरले. घरी बसून हिशेब केला तेव्हा आकडा आला १५०.६ सीसी. झिजत झिजत अब्बांची गाडी पाच सीसीने वाढली होती.

यातलं पहिलं बोअर माझ्या नावावर आहे. २००१ साली मी बीएड करत होतो. सराव पाठ होता, उशीर झाला होता. पंपावर पेट्रोल भरलं आणि ऑइल टाकायला विसरलो. चेतकच्या पिस्टनला वेगळं ऑइल नसतं. पेट्रोलमध्ये मिसळाल तेवढंच त्याच्या नशिबात. लिटरला वीस मिली. अक्कलकोट रोडवर इंजिन जाम झालं, मागचं चाक घसटत गेलं, क्लच दाबला म्हणून पडलो नाही. गाडी ढकलत दुपारी घरी आलो. अब्बांनी आधी गाडीकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि विचारलं, "पाठ झाला का?"

झाला नव्हता.

आता आमचे चिरंजीव एकोणीस वर्षांचे आहेत आणि मेकॅनिकलचा डिप्लोमा करतात. ब्लॉक संपला हे ऐकून त्यांना दुःख झालं नाही, आनंद झाला. "अब्बू, वन सेव्हंटी सेव्हन टाकू या." माझे साडू लेस्टरला असतात. डिसेंबरात येणार होते. त्यांच्या बॅगेत एक ब्लॉक-पिस्टन सहज मावला असता.

व्हेस्पाचं वेड मूळ इटलीचं आणि मग इंग्लंडचं. तिथे लोक जुन्या इंजिनांवर मोठ्या बोअरचे किट सर्रास चढवतात. चेतक व्हेस्पाच्याच घराण्यातली. म्हणून मुलगा फोनवर ती इटालियन नावं मला दाखवत बसला आणि मी, भाषेचा मास्तर, हळूहळू त्यात ओढला गेलो. चाल तीच ५७ ठेवून बोअर ६३ केलं की १७७ सीसी. बोअर ६१ केलं की १६६. पण एकाच १७७मध्येही स्वभाव वेगवेगळे. डीआरचं बिडाचं किट साधं. खिडक्या फार मोठ्या नाहीत, खालच्या वेगातच ओढ देतं, डबलसीट आणि चढासाठी बरं. पोलिनीचं बिडाचं किट जास्त खिडक्यांचं. ते इंजिन फिरायला मागतं, कार्ब्युरेटर आणि सायलेन्सरही आपल्या लायकीचे मागतं. मालोसीचं १६६ आकड्याने लहान, पण पळण्याच्या बाबतीत तेही तापट. टू-स्ट्रोकमध्ये व्हॉल्व्ह नसतात. कुठली खिडकी केव्हा उघडते आणि किती वेळ उघडी राहते यावर इंजिनाचा सगळा मिजाज ठरतो. नुसते सीसी पाहून किट निवडणं म्हणजे पानं मोजून पुस्तक निवडण्यासारखं.

मग धातूचा प्रश्न. पिनास्कोचं १७७ अॅल्युमिनियमचं मिळतं. अॅल्युमिनियम उष्णता लवकर सोडून देतं, पिस्टनही त्याच धातूचा, दोघं जवळजवळ सारखेच फुगतात, म्हणून जाम व्हायची भीती कमी. सोलापूरच्या मे महिन्यात ही काही लहान गोष्ट नाही. पण आतून निकेलचा कडक मुलामा असतो. तो गेला तर आपल्या गल्लीतला लेथवाला काही करू शकत नाही. बीड जड, तापट, पण पुन्हा पुन्हा बोअर होतं.

मुलाचं एक म्हणणं मला खोडता आलं नाही. तुळजापूरच्या घाटात आम्ही दोघं बसलो की चेतक दुसऱ्या गिअरवर येते आणि मागून ट्रकवाले हॉर्न देत राहतात. "तेव्हा पिकअप हीच सेफ्टी असते," तो म्हणाला. खरं होतं. मी जवळजवळ हो म्हणालो होतो. साडूंना फोनही केला होता.

मिस्त्रीने मात्र ऐकून घेतलं आणि कागद मागवला. त्या कागदावर पीएक्सची नावं होती, चेतकचं नव्हतं. "पहले गॅस्केट केसपे रखके देखो," तो म्हणाला. ब्लॉकच्या आणि केसच्या वाटा एकमेकींसमोर येतात का, ते आधी बघायचं. केसचं तोंड तेवढंच आणि बोअर सहा मिलिमीटरने मोठं, म्हणजे केसमध्ये जाणारी भिंत दोन्ही बाजूंनी तीन-तीन मिलिमीटर पातळ. पिस्टनचं क्षेत्रफळ बावीस टक्क्यांनी वाढणार, तेवढं जास्त पेट्रोल जळणार, पण वारा घालणारा फॅन जुनाच. जेट वाढवावा लागणार. प्लग पांढरा दिसला की समजायचं, गाडी कोरडी चालली आहे आणि पिस्टन आता जाणार. "और ब्रेक?" त्याने चाकाकडे बोट केलं. ड्रम ब्रेक, दहा इंची चाकं.

उर्दूत 'ज़र्फ' असा एक शब्द आहे. ज़र्फ म्हणजे भांडं. किती मावतं ते भांड्यावर ठरतं, म्हणून माणसाच्या कुवतीलाही, दिलदारपणालाही ज़र्फ म्हणतात. कोत्या मनाचा तो कमज़र्फ. वर्गात इस्म-ए-ज़र्फ शिकवताना मी जागा आणि वेळ सांगणाऱ्या शब्दांची उदाहरणं देतो. त्या दिवशी मिस्त्रीच्या स्टुलावर बसून वाटलं, सीसी म्हणजे इंजिनाचं ज़र्फच की. आणि आम्ही फक्त भांडं मोठं करायला निघालो होतो; चूल, झाकण, पकड सगळं जुनंच.

कायद्याचंही होतं. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं की कंपनीने दिलेला मूळ तपशील आणि आरसी बुकातली नोंद जुळेनाशी होईल असा बदल मालकाने करू नये. २०१९ साली सर्वोच्च न्यायालयानेही तेच उचलून धरलं. पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी गाडी आरटीओसमोर उभी करावी लागते. आरसीवर एक आकडा आणि ब्लॉकमध्ये दुसरा, हे माझ्याच्याने होणार नव्हतं. उद्या मुलाचा अपघात झाला आणि विमेवाल्याने तेच बोट दाखवलं तर? मुलगा म्हणाला, ब्लॉक उघडून कोण बघतं? हे वाक्य मला १७७पेक्षा जास्त खटकलं. त्यावरून आमचं दोन दिवस बोलणं नव्हतं.

शहाणपण बाजारातला नवा ५७चा ब्लॉक-पिस्टन घेण्यात होतं. मी स्लीव्ह निवडली. जुनाच ब्लॉक मोठा कापून आत नवी नळी दाबून बसवायची आणि पुन्हा ५७चं बोअर करायचं. कारण विचारू नका. बाहेरच्या पंख्यांवर अब्बांच्या हाताने साफ केलेल्या काळ्या खुणा आहेत, एवढंच. स्लीव्हमध्ये खिडक्या नव्याने कापाव्या लागतात आणि खरी कसोटी तिथेच. ब्लॉक परत आला तेव्हा, अबोला असूनही, मुलाने वर्नियर घेतला आणि डावीकडची ट्रान्सफरची खिडकी एक मिलिमीटर सरकलेली पकडली. मिस्त्रीने चष्मा लावून पाहिलं आणि काही न बोलता ब्लॉक लेथवाल्याकडे परत पाठवला.

५०० किलोमीटर रनिंग-इन मुलानेच केलं. चाळीस-पंचेचाळीसच्या वर काटा नाही, थोडं ऑइल जास्त, दर वीस किलोमीटरला थांबून इंजिन थंड. मी इतका धीर धरला नसता. गेल्या रविवारी आम्ही दोघं तुळजापूरला गेलो. तो चालवत होता, मी मागे. घाटात गाडी दुसऱ्या गिअरवर आली आणि मागच्या ट्रकने हॉर्न दिला.

"अब्बू," तो मान न वळवता म्हणाला, "वन सेव्हंटी सेव्हन."

मी म्हटलं, "समोर बघ."