पुराआधीचं घर
पुण्याच्या नदीकाठच्या पेठांतल्या कितीतरी घरांप्रमाणे आमच्याही घरात १९६१ च्या आधीचं फारसं काही उरलेलं नाही. त्या वर्षी १२ जुलैला सकाळी पानशेत धरण फुटलं, पाठोपाठ खडकवासला, आणि नारायण पेठेतल्या आमच्या वाड्यात पाणी माडीच्या जिन्यावर चढलं. लग्नातले फोटो, आजोबांच्या वह्या, पत्रिका, भाड्याच्या पावत्या, सगळं गाळात गेलं. त्याआधीचं घर राहिलं ते त्या पिढीच्या बोलण्यात. ती माणसं एकेक करून जायला लागली, तेव्हा आम्ही चुलत-आतेभावंडांनी मोठ्या आत्याच्या आठवणींचं पुस्तक स्वतःच काढायचं ठरवलं.

आत्या व्हर्नाक्युलर फायनल झालेली, महापालिकेच्या शाळेत जन्मभर शिकवलेली. ‘माझ्यात काय आहे छापण्यासारखं?’ असं तिने विचारलं. रमाबाई रानड्यांच्या आठवणी १९१० मध्ये आल्या, पण ते घर न्यायमूर्ती रानड्यांचं. आमच्याकडे कुणी मोठा माणूस आला-गेला नाही. मला मात्र वाटतं, म्हणूनच आमच्यासारख्यांनी लिहून ठेवायला हवं. आमचं दुसरं कोण लिहिणार?

आणि केवढं होतं तिच्याकडे! १९५७ मध्ये नवे पैसे आले. एका आण्याचे सहा, पण चार आण्यांचे पंचवीस. तो एक पैसा कुठून आला, यावरून आजी मंडईत भाजीवालीशी कशी भांडायची, ते आत्या दोघींच्या आवाजात सांगते. रेशनवरच्या लाल मिलोच्या भाकरी थापताना कडेला चिरायच्या, म्हणून थोरल्या काकू पीठ उकडून घ्यायच्या. रॉकेलच्या रांगेत डबा ठेवून शाळेला जायचं आणि येताना तो उचलायचा. एका स्वयंपाकघरात तीन जावा, एक सासू आणि लग्न न झालेली नणंद, म्हणजे आत्या स्वतः. कुणाला बरं नसलं की तिचं काम न बोलता दुसरी उचलायची. या बायकांनी आम्हाला वाढवलं, आणि त्यांच्यापैकी एकीचीही सही घरातल्या एकाही कागदावर सापडत नाही.

आत्या बोलायची, आम्ही मोबाईलवर ध्वनिमुद्रण करायचो, धाकटी बहीण टाइप करायची. तिने आत्याची वाक्यं नीटनेटकी करायला घेतली होती. सगळ्यांनी मिळून तिला थांबवलं. पुरातून आधी काय बाहेर काढलं यावर एकमत झालंच नाही. आत्या म्हणते देव, काका म्हणतात शिवणयंत्र. दोन्ही छापलं आहे. वाटणीच्या वेळच्या भांडणाचं पान मात्र आत्याने कच्च्या प्रतीतून काढायला लावलं. ‘जिच्याविषयी ते आहे ती आता नाही. तिला उत्तर देता येणार नाही,’ एवढंच म्हणाली. मला ते पान हवं होतं, पण तिचा न्याय माझ्या हौसेपेक्षा मोठा होता.

छपाईचं गणित पूर्वी आम्हाला झेपलं नसतं. ऑफसेटला प्लेटचा खर्च शंभर प्रतींनाही तेवढाच आणि हजारांनाही तेवढाच. डिजिटल छपाईत प्लेटच नसते, त्यामुळे थोड्या प्रतीही परवडतात. डेमी आकार, सोळा पानी सात फर्मे, म्हणजे ११२ पानं. किंमत घातली नाही, ‘खाजगी वितरणासाठी’ एवढंच छापलं. अक्षर मात्र मोठं घेतलं. वाचणाऱ्यांत ऐंशी ओलांडलेले बरेच होते. मुद्रितं आत्यानेच तपासली, शिक्षिकेच्या लाल शाईने. तिच्या हयातीत हे झालं, तिला खोडता आलं, हरकत घेता आली, याचं मोल मला छापील प्रतीइतकंच वाटतं.

प्रती घरोघर गेल्या आणि समासांत पेन्सिलीने भरून परत यायला लागल्या. बडोद्याच्या मावशींनी वाड्याचा नकाशा काढून पाठवला, त्यात नळ कुठे होता ते बाणाने दाखवलं. धाकट्या काकूंनी मिलोच्या भाकरीचं सगळं प्रकरणच खोडलं. पीठ उकडायची युक्ती थोरल्या जाऊबाईंची नव्हे, त्यांची स्वतःची होती म्हणे. आता त्याही बोलायला बसल्या आहेत. पुढच्या छपाईत आणखी एक फर्मा वाढेल.