घोड्यांचे मास्तर

नेरळहून कळंबला येताना माथेरानचा डोंगर पाठीशी राहतो. त्या डोंगरावर मोटारींना बंदी, त्यामुळे आमच्या भागात घोड्याची नवलाई नाही. पण घोड्यावर बसवणं वेगळं आणि बसायला शिकवणं वेगळं. हे दुसरं काम करणाऱ्यांचा दोन दिवसांचा मेळावा गेल्या थंडीत कर्जतजवळ एका फार्महाऊसवर भरला होता. माझा भाचा घोडेस्वारी शिकवतो. म्हणाला, "मामा, तुम्ही पस्तीस वर्षं मास्तरकी केलीत, चला की!" गेलो.

त्या दिवसांत वाडीवरच्या मुलांचा संध्याकाळचा वाचनवर्ग बंद करावा असं मनात घोळत होतं. वय पंच्याहत्तर, गुडघे कुरकुरतात, आणि चौथीतली पोरं जोडाक्षर आलं की पुस्तक सोडून माझ्या तोंडाकडे बघत बसतात. किती दिवस रेटायचं?

मेळाव्यात भाषणं झाली, ती विसरलो. लक्षात राहिला मैदानावरचा तास. हातात लांब दोर घेऊन प्रशिक्षक मध्ये उभा आणि दोराच्या टोकाला घोडा गोल फिरतोय. जुन्या मराठीत याला घोडा काव्यावर धरणं म्हणत. शब्द मागे पडला, रीत आहे. वर बसलेल्या मुलाच्या हातात लगाम नाही, पाय रिकिबीत नाहीत. नवशिक्याचा तोल गेला की तो लगामाला लटकतो आणि घोड्याच्या तोंडाला इजा होते, म्हणून हे असं. व्हिएन्नाच्या जगप्रसिद्ध अश्वशाळेतही नवे स्वार सुरुवातीला असेच शिकतात म्हणे.

दोर धरलेला तरुण प्रशिक्षक सारखा ओरडत होता, "पाठ सरळ! पुढे बघ! खांदे सैल!" मुलगा घोडा सोडून त्याच्याकडेच बघायचा आणि घसरायचा. शेजारी उभे असलेले एक वयस्क प्रशिक्षक शांतपणे म्हणाले, "आता पाच मिनिटं काही बोलू नका." मुलगा डगमगला, आयाळ धरली, सोडली... आणि हळूहळू त्याची कंबर घोड्याच्या दुडक्या चालीबरोबर हलू लागली.

मला हान्स आठवला. बर्लिनमधल्या फॉन ओस्टेन नावाच्या निवृत्त गणितशिक्षकाचा हा घोडा टाप आपटून बेरजांची उत्तरं द्यायचा. 1907 साली ऑस्कर फुंग्स्ट या संशोधकाने उलगडा केला. विचारणाऱ्यालाच उत्तर ठाऊक नसलं किंवा तो दिसत नसला, की हान्सचं गणित चुकायचं! बरोबर आकडा आला की विचारणाऱ्याची मान नकळत किंचित हलायची, ती हान्स वाचायचा. यात लबाडी नव्हती. मास्तरांनाही पत्ता नव्हता. लोक हा किस्सा हसण्यासाठी सांगतात. मला तो घोडा हुशारच वाटतो. माणसाचा चेहरा इतका बारकाईने वाचणारा विद्यार्थी सहसा मिळत नाही.

परत आलो तो डोक्यात हेच घेऊन. दुसऱ्या दिवशी वर्गात मुलांच्या समोरची खुर्ची उचलली आणि त्यांच्या मागे, भिंतीला टेकवून ठेवली. मुलं गोंधळली. पहिला आठवडा वर्गात नुसती चुळबुळ. मीही गप्प बसायचो, आणि पस्तीस वर्षं बोलण्याचा पगार घेतलेल्या माणसाला ते किती जड जातं ते विचारू नका!

पुढच्या आठवड्यात एक मुलगी 'स्वच्छ' या शब्दापाशी अडली. मान वळवून तिने माझ्याकडे पाहिलं. मी खिडकीबाहेर बघत होतो. ती पुन्हा पुस्तकाकडे वळली. "सव... स्व... स्वच्छ." मग पान संपेपर्यंत थांबली नाही. 'क्ष' अजून अडतो. खुर्ची भिंतीपाशीच आहे.