संत्र्याच्या सालीस अनावृत पत्र

श्रीमती संत्र्याची साल यांस,
मु. पो. ओल्या कचऱ्याची बादली, लोणावळा, ता. मावळ, जि. पुणे.

सा. न. वि. वि.

इकडील सर्व क्षेम. थंडी पडली आहे, अंबिया बहाराची संत्री बाजारात आली आहेत. फोडी खायला सगळं घर पुढे, साली गोळा करायला मी एकटी. आपल्या नागपुरी यजमानांना २०१४ साली भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हा आपलं नाव कुणी काढलं नाही. त्याचं मलाच वाईट वाटलं.

पण आता 'आपण' पुरे. तू फार कडू आहेस गं! पहिलं उकळतं पाणी ओतून द्यावं, दुसरंही द्यावं, तेव्हा कुठे माणसात येतेस. खताच्या डब्यातही तोच आडमुठेपणा. भाजीची देठं केव्हाच मातीला मिळाली, तू आपली तिथेच, तशीच.

लहानपणी तुला दुमडून भावाच्या डोळ्यांत फवारा उडवायचो. (तो अजून विसरलेला नाही.) आई तुला वाळवून, कुटून दिवाळीच्या उटण्यात घालायची. पाकात घालणं शक्यच नव्हतं; रेशनची साखर सालीवर कोण उधळणार?

आता उधळते. चिक्कीच्या गावात राहून पाकाला काय भ्यायचं? फक्त चिक्कीचा पाक कडक, तुझा एकतारी. बोटाएवढ्या चिरलेल्या पट्ट्या, सालीच्या वजनाइतकी साखर, मंद आच. पाक पुन्हा साखरू नये म्हणून वर थोडं लिंबू. हळूहळू तुझ्या आतला पांढरा थर काचेसारखा होतो, पलीकडचा चमचा दिसायला लागतो. मग जाळीवर पसरायचं आणि मुलांपासून राखायचं. हे शेवटचं सगळ्यात अवघड.

कुळानं तू काही कमी नाहीस. तुमच्यातलंच महाळुंग कोल्हापूरच्या महालक्ष्मीच्या हातात आहे. त्याचीही साल जाड, गर नावापुरता. युरोपात ती सालच साखरेत मुरवून केकमध्ये घालतात.

कचरा वाचला म्हणून तुझे गोडवे गाणारे भेटतील, त्यांचं मनावर घेऊ नकोस. सालीइतकी साखर आणि वर तासभर गॅस, यात काटकसर कसली? खताचा डबा फुकट आहे. मी तुला ठेवते ती चवीसाठी. आधी गोड, मग मागून येणारा तो बारीक कडवटपणा; तो पूर्ण गेला तर मला तुझ्यात रस नाही.

विनंती एवढीच, की मेणाचा लेप लावून चकचकीत होऊन येऊ नकोस. गरम पाण्यात घासून घासून हात दुखतात. मोसंबीला बरोबर आणलंस तरी चालेल. आणि जुलैत तर येऊच नकोस. तेव्हा आमच्याकडे बरणीतल्या मिठालाही पाणी सुटतं, तू कुठली वाळणार?

कळावे, लोभ असावा.

ता. क. उरलेला पाक सरबतासाठी बाटलीत भरून ठेवला आहे. त्यावर हक्क सांगू नये.