होडीचा दोर

भाट्याच्या पुलावरून रत्नागिरीत कामाला जाणारी आम्ही माणसे. पुलावरून खाली पाहिले की काजळी नदी समुद्राला मिळताना दिसते, पलीकडे राजिवड्याच्या बाजूला होड्यांची दाटी दिसते, अलीकडे सुरूचे बन आणि भाट्याची वाळू दिसते. त्या होड्या तिथल्या तिथे राहतात कशा, असा प्रश्न मात्र कुणाला पडत नाही. मला तो पडला तो हिशेबाच्या वहीमुळे.

आमच्या वाडीतील अकरा महिलांचा बचत गट आहे. मी कचेरीत कारकून, बी.कॉम. झालेली, म्हणून हिशेब माझ्याकडे. खाडीत ओहोटीला वाळूचे पट्टे उघडे पडतात, तिथे मुळे, तिसऱ्या मिळतात. पण त्या पट्ट्यांवर जायला होडी लागते आणि होडीवाला मालाचा वाटा मागतो. म्हणून २०१८ साली गटाने स्वतःची होडी घेतली. जुनीच, वल्ह्यांची, सोळा फुटी. २२,००० रुपयांना पडली. त्यातले निम्मे बचतीचे, निम्मे कर्जाचे. वाचक भगिनींना सांगायला नको की अशा निम्म्या बचतीत कुणाचे कानातले असते, कुणाच्या मुलाच्या फीचे पैसे असतात.

दुसऱ्याच वर्षी, २०१९ च्या बुद्धपौर्णिमेला, ती होडी बुडाली. समुद्रात नव्हे, तर धक्क्याला बांधलेली असताना! त्या दिवशी संध्याकाळी वाडीत कार्यक्रम होता. बायका पाच वाजता पूर्ण ओहोटीला पट्ट्यावरून परतल्या. एकीच्या पुतण्याने घाईघाईत होडीचे पुढचे टोक धक्क्याच्या खालच्या पायरीजवळच्या कडीला आवळून बांधले. हातभरही दोर मोकळा ठेवला नाही. वर चार-पाच गाठी मारल्या. घट्ट बांधली म्हणजे सुरक्षित, हा त्याचा सरळ हिशेब. रात्री अकराच्या सुमारास कार्यक्रम आटोपून दोघी-तिघी सहज धक्क्यावर गेल्या, तर होडी जागेवर नाही. बॅटरी मारली तेव्हा दोर ताठ होऊन पाण्यात सरळ खाली गेलेला दिसला. पौर्णिमेची भरती चढत गेली, पुढचे टोक दोराने खाली धरून ठेवलेले, त्यामुळे पाणी काठावरून आत शिरले आणि होडी भरली. वल्ही वाहून गेली होती. एक जाळे होते, तेही गेले.

त्या रात्री वाडीत काय काय बोलले गेले ते इथे लिहीत नाही. पुतण्यावर सगळ्यांचा राग. त्याची चुलती तर गट सोडायलाच निघाली. दोरावरून गट फुटायची वेळ आली होती.

पहाटे ओहोटीला होडी उघडी पडली. चिखलात एका कुशीवर पडलेली. पलीकडच्या काठावरचे एक वयस्कर चाचा, उभे आयुष्य खाडीत आणि समुद्रात घालवलेले, स्वतःची पगार वल्हवीत आले. त्यांनी आधी होडी उपसायला हात लावला. मग दोराकडे पाहिले आणि म्हणाले, "बाय, पाणी काय तुमच्या दोराला इचारून चढतंय?" पुतण्याला मात्र एक शब्द बोलले नाहीत. उलट त्यालाच जवळ बोलावून दोर त्याच्या हातात दिला. पुढचे दोन तास आम्ही जे शिकलो ते कुठल्या शाळेत मिळाले नसते.

आपल्या किनाऱ्यावर दिवसातून दोन भरत्या आणि दोन ओहोट्या. एका भरतीपासून दुसरी भरती सुमारे सव्वाबारा ते साडेबारा तासांनी. म्हणून भरतीची वेळ दररोज साधारण पन्नास मिनिटांनी पुढे सरकते. जुन्या लोकांचा ढोबळ हिशेब असा की तिथीचा आकडा घ्यावा आणि त्याची पाऊणपट करावी. पंचमी असेल तर पाच पाऊणे पावणेचार, म्हणजे पावणेचारच्या सुमारास भरती पूर्ण. दशमीला साडेसात. पौर्णिमेला सव्वाअकरा. पाऊणकीचा पाढा पूर्वी घोकला जायचा तो अशा कामासाठी, हे मला चाळिशीच्या उंबरठ्यावर कळले. आता मोबाइलवर मिनिटांसकट वेळा मिळतात, पण हा पाढा बॅटरी संपली तरी चालतो. अमावास्या-पौर्णिमेला उधाण. त्या वेळी आमच्याकडे पाणी सुमारे दोन मीटर चढते-उतरते. अष्टमीच्या आसपास भांग, तेव्हा चढउतार कमी.

तेव्हा धक्का जागेवर असतो आणि होडी दिवसातून चार वेळा वरखाली होते. ओहोटीला आखूड बांधली तर भरतीला नाक बुडते. भरतीला आखूड बांधली तर ओहोटीला होडी दोराला टांगून राहते, एका बाजूला कलते आणि आतले सामान खाडीत जाते. मग लांब दोर सोडून मोकळे व्हावे, तर तेही जमत नाही. एकाच लांब दोरावरची होडी भरतीच्या ओढीने आत जाते, ओहोटीच्या ओढीने समुद्राकडे फिरते आणि दर फेरीला शेजारच्या होडीवर आपटते. त्यातून काठावर भांडणे होतात, ती वेगळीच.

चाचांनी सांगितलेला उपाय ऐकायला अगदी साधा होता: जवळचा खुंटा सोड, लांबचा धर. होडीच्या पुढच्या टोकाचा दोर समोरच्या खुंट्याला न बांधता आणखी पुढे, दूरच्या खुंट्याला न्यायचा. मागचा दोर तसाच मागे दूर. शिवाय दोन तिरके दोर. एक होडीच्या पुढच्या भागातून मागच्या खुंट्याकडे, दुसरा मागच्या भागातून पुढच्या खुंट्याकडे. हे तिरके दोर होडीला पुढे-मागे सरकू देत नाहीत, पण वरखाली होऊ देतात. होडी आणि धक्का यांच्यामध्ये जुने टायर.

घरी आल्यावर मी हे कागदावर मांडून पाहिले. शाळेत शिकलेला काटकोन त्रिकोण कामाला आला. आठ फुटी दोराचे टोक सहा फूट खाली गेले तर त्याचे आडवे अंतर पावणेतीन फुटांनी कमी होते. तेवढ्याने होडी धक्क्यावर खेचली जाते. वीस फुटी दोर तितकाच खाली गेला तर आडवे अंतर जेमतेम एका फुटाने कमी होते. म्हणजे दोर जितका लांब आणि तिरका, तितका पाण्याचा चढउतार त्याला कमी जाणवतो. चाचा शाळेत किती शिकले ते मी विचारले नाही. पण त्यांच्या अंदाजात आणि माझ्या आकडेमोडीत फरक निघाला नाही.

दुसरा धडा गाठीचा. आपल्याकडे लहानपणीच सांगतात की सुरगाठ ओढली की सुटते आणि निरगाठ सुटत नाही. पुतण्याने मारल्या होत्या त्या सगळ्या निरगाठी. ओल्या होऊन ताण बसल्यावर त्या कोयत्यानेच कापाव्या लागल्या. प्रत्येक वेळी कापायचे म्हटले तर दोर हातभराने आखूड होत जाणार. चाचांनी खुंट्याला आधी दोन पूर्ण वेढे घेतले. होडीची सारी ओढ या वेढ्यांच्या घर्षणावर पडते. वेढ्यांवर दोन साध्या अर्ध्या गाठी. त्या फक्त वेढे उलगडू नयेत म्हणून. भर भरतीत, अंधारात, थरथरत्या हातानेही सुटतील अशा. आमच्या गटातल्या एकीने, जी सही करताना अजूनही दोनदा थांबते, ही गाठ पहिल्याच खेपेला बरोबर मारली. पुतण्याला चार खेपा लागल्या. ती अर्थातच अजून ते सांगते.

दोराचा विषय निघाला म्हणून आजीची आठवण सांगते. आमच्या भाट्यात १९५५ पासून नारळ संशोधन केंद्र आहे, नारळ इथे घरोघरी. आजी नारळाची सोडणे खाडीकाठच्या चिखलात कित्येक महिने कुजत ठेवायची. मग ती बडवून काथ्या काढायची आणि मांडीवर सुंभ वळायची. तळहात कायम सोललेले. त्या सुंभाचे दोर होऊन दुसऱ्यांच्या होड्यांना लागायचे. आमच्या घरात मात्र होडी कुणाची नव्हती. पूल होण्याआधी तरीतून पलीकडे जायचे तरी पैसे मोजावे लागत, असे वडील सांगत. गटाची होडी आली तेव्हा आजी नव्हती.

काथ्याचा दोर खाऱ्या पाण्याला चांगला टिकतो, पण ताकद कमी आणि जाडी फार. आता सगळीकडे नायलॉन आणि प्लास्टिकचे दोर. नायलॉन ताण आला की थोडा ताणला जातो आणि लाटेचा हिसका गिळतो, म्हणून बांधायला तो बरा. पॉलिप्रॉपिलीनचा दोर स्वस्त, हलका, पाण्यावर तरंगणारा. पण उन्हाने तो कुजतो. वरून रंग शाबूत आणि हातात घेऊन पिळला की भुसा! गटाच्या बैठकीत यावर मोठी चर्चा झाली. मी काटकसरीच्या बाजूची नव्हते हे नमूद करते.

वादळे आम्ही पाहिली आहेत. ११ नोव्हेंबर २००९ चे फयान इथले कोळी अजून विसरलेले नाहीत. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आले तेव्हा वटपौर्णिमा दोन दिवसांवर होती, म्हणजे पाणी उधाणाचे. त्या दिवशी मिऱ्या किनाऱ्यावर 'बसरा स्टार' नावाचे मोठे जहाज येऊन रुतले. नांगर टाकलेले जहाज, तरी वाऱ्याने ओढत आणले. माणसे वाचली. पण जहाज पुढे कित्येक वर्षे तिथेच पडून राहिले आणि लोक त्याच्यासमोर फोटो काढीत राहिले.

पुढच्या वर्षी तौक्ते. १६ मे २०२१, रविवार. आदल्या दिवशी चाचांचा निरोप आला की होडी धक्क्याला ठेवू नका. वादळात धक्काच होडीचा शत्रू होतो, त्याच्यावर आपटून ती फुटते. करोनाचे निर्बंध होते, तरी तोंडाला फडकी बांधून पाच जणींनी आणि पुतण्याने होडी खाडीत आत नेली, कांदळाच्या आडोशाला. चहूबाजूंनी लांब दोर, दोन नांगर. जिथे दोर काठावर घासतो तिथे गोणपाट गुंडाळलेले, कारण दोर बहुधा मध्ये तुटत नाही, घासतो तिथे तुटतो. वल्ही आणि जाळी घरी आणली. रात्रभर माडांचा आवाज ऐकत बसलो. सोमवारी सकाळी पुतण्या पावसातच पळत गेला आणि परत आला तो हसतच. होडी पाण्याने अर्धी भरलेली, पण जागेवर.

धक्क्याला बांधलेली एक होडी मात्र फुटली. तिचा मालक ओळखीचा. त्या वर्षी शासनाने पूर्ण नष्ट झालेल्या होडीची मदत ९,६०० वरून २५,००० रुपये केली होती. त्याच्यासाठी मी कागद गोळा करायला निघाले तेव्हा कळले की होडी तोंडी व्यवहाराने घेतलेली. नोंदणी पहिल्या मालकाच्या नावावर, आणि तो मुंबईला. पंचनामा झाला, फळ्यांचे फोटो झाले, पण मालकी सिद्ध होत नाही असा शेरा पडला. दीड वर्ष मी खेटे घातले. एक पैसा मिळाला नाही. तो माणूस आता दुसऱ्याच्या बोटीवर खलाशी आहे. तेव्हापासून वस्तीत कुणी होडी घेतली की मी दोराच्या आधी कागदाचे विचारते. आमच्या गटाच्या होडीची नोंदणी, गटाचा ठराव, खरेदीची पावती असे सगळे एका प्लास्टिकच्या पिशवीत घालून मी माझ्या कपाटात ठेवले आहे.

आमच्या जमाखर्चात 'दोर' असे एक स्वतंत्र खाते आहे. दरवर्षी पावसाळ्याआधी होडी वर ओढून शाकारतात, तेव्हा सगळे दोर गोड्या पाण्याने धुऊन, सावलीत वाळवून हाताने चाचपले जातात आणि संशयाचा दोर काढून टाकला जातो. बँकेच्या तपासनीसाने एकदा विचारले, "बाई, दर वर्षी दोर कसला घेता?" मी त्यांना पुलावर नेऊन दाखवायची तयारी दर्शवली, पण त्यांना घाई होती. काढून टाकलेले दोर गटात वाटले जातात. कुणाच्या दारी कपडे वाळत घालायला, कुणाची शेळी बांधायला. या वर्षी पुतण्याच्या वाट्याला बारा फूट आला. त्याने मुलीसाठी आंब्याला झोका बांधला आहे, फांदीला दोन वेढे आणि दोन अर्ध्या गाठी.