सातारा ते सांगली : जड झालेल्या स्टिअरिंगची गोष्ट

मैत्रिणींनो, साताऱ्याहून सांगलीला जायचं म्हणजे कृष्णामाईचं बोट धरूनच जायचं! माहुलीला तिला वेण्णा मिळते, कराडला प्रीतिसंगमावर कोयना, आणि पुढे सांगलीच्या गणपतीजवळून ती संथ वाहते. सुमारे सव्वाशे किलोमीटरचा रस्ता. महामार्गानं कराड, मग पेठनाका, तिथून डावीकडे वळून आष्ट्यावरून सांगली. १९२९ सालचा आयर्विन पूल दिसला की माझं माहेर आलंच.

माहेरी आई एकटीच असते. शाळेची सुट्टी बघून महिन्यातून दोनदा मी स्वतः गाडी घेऊन जाते, तिला डॉक्टरांकडे नेते. गाडी अठरा वर्षांची. यंदा तिचं स्टिअरिंग जड झालं. एका गॅरेजमध्ये बॉनेटही न उघडता सांगितलं, “वहिनी, अख्खी रॅक बदला, नाहीतर गाडी विकून टाका.” गाडी गेली तर आईकडच्या फेऱ्याही कमी होणार, हे तुम्हाला वेगळं सांगायला नकोच.

आता हे पॉवर स्टिअरिंग म्हणजे काय, ते बघू. जुन्या पद्धतीत इंजिनवरच्या पट्ट्यानं एक पंप फिरतो. तो तेल दाबानं रॅकपर्यंत पोचवतो आणि आपल्या हाताचा भार हलका करतो. काही गाड्यांत तेलाऐवजी विजेची मोटर असते. अशा गाडीत स्टिअरिंगचा दिवा लागला, तर आधी बॅटरी, चार्जिंग आणि फ्यूज तपासून घ्यावेत.

दोष कुठे आहे हे पुष्कळदा रस्ताच सांगतो. महामार्गावर वेगात चाक हलकंच लागतं. खरी परीक्षा साताऱ्याच्या बोळात किंवा सांगलीच्या गणपती पेठेत गाडी लावताना! उभ्या गाडीत जड, पण अ‍ॅक्सिलरेटर जरा दाबला की हलकं, असं झालं तर पट्टा, तेल किंवा पंपाकडे बघावं. वळवताना किंचाळल्यासारखा आवाज आला तर पट्टा सैल किंवा गुळगुळीत झालेला असतो. घूंऽऽ असा आवाज आणि तेलाला फेस म्हणजे तेल कमी होऊन आत हवा शिरलेली. वळणानंतर चाक आपणहून सरळ येत नसेल, तर खालचे सांधे कोरडे किंवा घट्ट झालेले असू शकतात. आणि पुढच्या टायरात हवा कमी असेल, तरीही सगळंच जड लागतं बरं का! म्हणून पहिली फेरी हवा भरायला.

आमचं दुखणं सापडलं कराडला. तिथल्या एका वयस्क फिटरकाकांनी आधी टायरची हवा बघितली, मग तेलाच्या डबीतली पातळी. ती खालच्या खुणेच्याही खाली! हात फिरवत गेले तर परतीच्या रबरी नळीची क्लिप सैल, नळी चिरलेली, तिथून तेल झिरपत होतं. नळी, क्लिप आणि झिजलेला पट्टा बदलला, नवं तेल भरलं. मग पुढची चाकं उचलून स्टिअरिंग दोन्हीकडे सावकाश फिरवत आतली हवा काढली. तासाभराचं काम, आणि खर्च रॅकच्या मानानं अगदीच किरकोळ. तोवर मी प्रीतिसंगमावर यशवंतराव चव्हाणांच्या समाधीशी जाऊन आले.

काही गोष्टी मात्र लक्षात ठेवा. तेल टोपणावर किंवा गाडीच्या पुस्तकात लिहिलेलंच घाला. त्यात ब्रेक ऑइल कधीही ओतू नका. तेल वरचेवर भरावं लागत असेल तर गळती शोधा. चाक एका टोकाला नेऊन ताणून धरू नका, पंप तापतो. उतारावर इंजिन बंद करू नका. चालत्या गाडीत स्टिअरिंग एकाएकी जड झालं, तर घाबरू नका. जोर लावला की ते वळतं. गाडी बाजूला घ्या आणि फिटरला बोलवा.

तेव्हा आधी हवा, मग तेल, मग पट्टा आणि नळ्या. रॅकची पाळी सगळ्यात शेवटी. एवढं पाठ असलं की गॅरेजमध्ये चार प्रश्न आपणही विचारू शकतो. आणि हो, सांगलीला गेलात तर येताना भडंग आणायला विसरू नका!