राजाने बाहेर पडावे

आई गेली आणि अण्णा वाशिमच्या घरात कोपऱ्यातल्या आरामखुर्चीत बसले ते बसलेच. २०२५च्या जुलैत नागपूरच्या दिव्या देशमुखने बाटुमीला कोनेरू हंपीला हरवून महिला विश्वचषक जिंकला, तेव्हा मात्र त्यांनी आपण होऊन बुद्धिबळाचा पट मागितला.

डाव अखेरीस आला. दोघांपाशी राजा नि थोडी प्यादी. मी, मराठीचा मास्तर, राजाला जपत बसलो. अण्णांचा राजा चालत आला आणि मध्ये एकच घर सोडून माझ्या राजासमोर ठाकला. पाळी माझी, हटणे मलाच भाग! त्यांच्या प्याद्याचा वजीर झाला.

"फौज असेतो राजाने लपावे," अण्णा म्हणाले, "पट रिकामा झाला की त्यानेच चालावे."

संध्याकाळी पाहतो तो आरामखुर्ची रिकामी. अण्णा काठी घेऊन बालाजीच्या देवळाकडे निघाले होते.