सांबरे ते दाबोळी

अंतर कसे मोजावे, या प्रश्नाचे उत्तर कायद्याने फार पूर्वीच देऊन ठेवले आहे. १८९७ च्या जनरल क्लॉजेस ॲक्टाचे अकरावे कलम सांगते की, केंद्रीय कायद्यांपुरते, अन्य हेतू दिसत नसेल तर, अंतर सपाट पातळीवर सरळ रेषेत धरावे. वकिलीच्या व्यवसायामुळे ही सरळ रेषा आम्हांस प्रिय आहे. परंतु आम्ही वाढलो ते बेळगावात राहून कुलदेवतेच्या दर्शनास गोव्यात जाणाऱ्या घरात. आणि त्या घरास ही रेषा कधी पुरी पडली नाही.

बेळगावचा सांबरे विमानतळ आणि गोव्याचा दाबोळी विमानतळ यांमध्ये सरळ रेषेत सुमारे शंभर किलोमीटर अंतर आहे. ताशी पाचशे किलोमीटर वेगाच्या पंख्यांच्या लहान विमानास हिशेबाने बारा मिनिटे पुरावीत. पण धावपट्टीच्या टोकापर्यंत जाणे, उंची गाठणे, गाठताच ती सोडू लागणे, वाऱ्याचे तोंड पाहून वळसा घेणे, यांत बाराची सहज तीस मिनिटे होतात. सांबरे समुद्रसपाटीपासून सुमारे साडेसातशे मीटर उंच, तर दाबोळी साठ मीटरांच्याही आत. मध्ये सह्याद्रीचा कडा. मोटारीने जांबोटी, कणकुंबी, चोर्ला घाट असे उतरावे तर तोच प्रवास दीडशे किलोमीटरांच्या आसपास जातो आणि निम्मा दिवस घेतो.

एवढे झाले मोजमाप. याच शंभर किलोमीटरांस एके काळी सहा वर्षे लागली, हेही सांगितले पाहिजे. दाबोळीचा विमानतळ पोर्तुगीजांनी १९५५ मध्ये बांधला. त्याच वर्षी सत्याग्रहींवरील गोळीबारानंतर भारताने गोव्याशी दळणवळण तोडले. आमच्या आजीने शांतादुर्गेस बोललेली ओटी तेव्हा राहून गेली. खण पेटीत घडी करून ठेवला होता. दर दसऱ्यास ती तो उन्हात घाली आणि परत ठेवी. १८ डिसेंबर १९६१ रोजी भारतीय विमानांनी दाबोळीच्या धावपट्टीवर बाँब टाकले. त्या मोहिमेत हवाई दलाचे तळ पुणे व सांबरे हे होते. दुसऱ्या दिवशी गोवा मुक्त झाला. पुढल्या वर्षी आजी कवळ्यास गेली. खणाचा रंग तोवर घडीच्या रेषांवर उडाला होता. ओटी मात्र त्याच खणाने भरली.

देवांनाही ही विवंचना चुकलेली नाही. सोळाव्या शतकात मंगेश कुठ्ठाळीहून प्रियोळास आणि शांतादुर्गा केळशीहून कवळ्यास, पोर्तुगीज सत्तेबाहेरच्या अंत्रुज महालात, नेण्यात आली. नकाशावर ते अंतर काही कोसांचे; पण अलीकडे देवळे पाडली जात होती आणि पलीकडे पूजा चालू राहू शकत होती. त्या काळी दूर-जवळ ठरले ते राज्य कोणाचे यावरून.

म्हणून वेळापत्रकातील मिनिटे वाचताना आम्हांस वाटते की, थोड्या वेळात पोहोचणे ही सोय आहे, आणि हवे तेव्हा निघता येणे हा हक्क आहे. सोय नसली तर माणूस घाट उतरून जातो. हक्क नसला तर खण पेटीतच राहतो.

कुठ्ठाळी आणि केळशी ही दोन्ही गावे दाबोळीच्याच मुरगाव तालुक्यात आहेत. विमानाने येऊन अंत्रुजास जाणाऱ्या वाचकांस वाटेत झुआरी ओलांडावी लागते. त्यांचे देवही तीच नदी ओलांडून गेले होते.